न दिसणारा चंद्र

आमच्या शेजारचे सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण सवय गेली नाही. खरबूजवाला "एकदम शक्कर है" म्हणाला, की चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "सबूत?" अशा माणसाला बाजारात सोबत न्यावं.

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला तेच मला म्हणाले, "शेठ, आज चाँद दिसूच शकत नाय. सूर्याच्या आधी मावळतो." आणि संध्याकाळी धुतलेली टोपी घालून, दुखरे गुडघे ओढत गच्चीचा जिना चढू लागले.

मी खालून ओरडलो, "हिशोब तुमचाच ना, सर? मग कशाला मरता?"

"हिशोब माझा. पण डोळ्यानं बघा, असं सांगितलंय आम्हाला." कठडा धरून ते थांबले. "पोरगा येणार नाय म्हणून सकाळीच फोन आला ना तुम्हाला? मग दुपारपासून फाटकात का उभे?"

मला संताप आला. मी उभा केलेला धंदा लाथाडून पोरगा पुण्याला गेला, तेव्हापासून त्याचं नाव माझ्यासमोर कुणी काढत नाही. भांडायलाच मी वर गेलो. सरांनी सरकून जागा दिली. दोघंही पश्चिमेकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "दिसतोय का?"

"अजून नाय," सर म्हणाले.