टपाची हिरवी गाडी

मीनल, रोहन, तुमच्या बाबाने गेल्या आठवड्यात फोनवर मला एक गोष्ट विचारली आणि मी "सांगते" एवढंच म्हणून फोन ठेवला. नाताळच्या सुट्टीत तुम्ही येणार, तेव्हा आजोबांची गाडी तुम्हाला नवीकोरी दिसावी, म्हणून ती मुंबईच्या एका गॅरेजात पाठवून लाल रंगवून घ्यावी, आतलं लाकूडकाम घासून पॉलिश करून घ्यावं, असं त्याच्या मनात आहे. त्याचा हेतू चांगलाच आहे. पण गाडी आजोबांनी तुम्हा दोघांसाठी म्हणून ठेवली होती. तिचं काय करायचं हे ठरण्याआधी ती कोणती गाडी आहे हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. तुम्ही इथे आलात ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा भर पावसाळ्यात, म्हणजे गाडी शेडमध्ये झाकलेली असताना. आजोबांनाही तुम्ही झाकलेल्या गाडीसारखंच पाहिलंत असं मला कधी कधी वाटतं. पळसदरीच्या या घरात आता मी एकटी आहे, वेळ पुष्कळ आहे, म्हणून नीट क्रमाने लिहिते. काही अडलं तर आईकडून वाचून घ्या.

यंदाचा भाद्रपद संपत आला होता. आजोबा आणि बबन सकाळच्या एसटीने कशेळ्याच्या बाजाराला गेले होते. बबन म्हणजे साजगावच्या कारखान्यात आजोबा इंजिनिअर होते तेव्हा त्यांच्या हाताखाली असलेला फिटर; दोघं निवृत्त झाले तरी आजोबांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते दोघे कशेळ्याला मेण आणायला जात. डोंगरावरच्या वाड्यांतून माणसं मध विकायला आणतात, त्यांच्याकडे मधाच्या पोळ्याचं शुद्ध मेण मिळतं. दुपारी फाटक वाजलं आणि बबन एकटाच आत आला. मागे जीप उभी होती. "बाई," तो म्हणाला, "साहेब स्टँडवर बाकावर बसले हुते. म्हनले, बबन, दोन चा सांग. मी सांगून आलो, तर तसेच बसलेले... मला वाटलं, डोळा लागला." त्यांना कर्जतच्या दवाखान्यात नेलं होतं, पण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी चप्पल घालून निघाले, तेव्हा बबनने आजोबांची पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मेणाचा गोळा होता. उन्हाने थोडा मऊ झाला होता आणि त्यावर कागदाची अक्षरं उलटी उमटली होती.

आता गाडीचं सांगते. आमचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं तेव्हा ती आमच्याकडे आली. कर्जतला एका पारशी गृहस्थांचा बंगला होता, ते आवराआवर करून मुलाकडे विलायतेला निघाले आणि गाडी ज्याच्या-त्याच्या हाती पडू नये म्हणून आजोबांना देऊन गेले. महायुद्धाच्या आधीची, इंग्लंडहून बोटीने आलेली. पुढे दोघांची जागा, मागे डिकीचं झाकण उघडलं की उघड्यावर आणखी दोघांची. वर जाड कापडाचं घडीचं छप्पर, त्याला आम्ही टप म्हणायचो. गाडीचा रंग गर्द हिरवा होता, पण उन्हाने तो बाहेरून वाळल्या पानासारखा झाला होता, चाकांवरच्या भागात तर रंगाखालच्या अस्तराचा करडा हात दिसू लागला होता. फक्त डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऊन फारसं लागलं नव्हतं. आलेल्या माणसाला आजोबा ते झाकण उचलून दाखवत. "हा मूळचा," एवढंच म्हणत आणि बंद करत. ते फार बोलणारे नव्हते. सबंध दिवसात घरात मी जेवढी वाक्यं बोलत असे तेवढी ते महिन्यात बोलत असतील. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे मला उत्तर मिळण्याची सवय होती. पहिली काही वर्षं मला ते फार जड गेलं.

बबन मात्र त्यांच्या वाटचं बोलून घेई. त्याला ती गाडी लाल हवी होती, पहिल्या दिवसापासून. "साहेब, एकदा लाल मारू द्या. खोपोलीतून गेलात तर लोक म्हनतील, नट आला शिनेमातला."

"आणि तू?"

"मी डिकीत बसन. नटाचा शेक्रेटरी."

आजोबा हसत, आणि मग गंभीरपणे म्हणत, "नवा रंग कधीही देता येईल बबन. खरवडलेला परत आणून देणार असलास तर बोल." बबन म्हणे, "तुमच्यासंगं बोलून उपेग नाय," आणि पुन्हा गाडीखाली जाई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

टपाचा नियम तुम्ही पाठच करा. ओला टप कधी मिटायचा नाही. मिटला की आत बुरशी धरते आणि घडीवर कापड फाटतं. म्हणून पावसाळाभर तो शेडमध्ये ताणून ठेवायचा, आणि पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात मेण टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्यावर चोळायचं. एका दिवाळीत माझा भाऊ सहकुटुंब ठाण्याहून खास उघड्या गाडीत बसायला आला. आदल्या दिवशी अवकाळी सर येऊन गेली होती आणि टप दमट होता. आजोबांनी तो काही उतरवला नाही. चार दिवस सगळे टप लावूनच फिरले. "बंदच गाडीत बसायचं तर एसटी काय वाईट होती?" भाऊ म्हणाला. आजोबा म्हणाले, "एसटीचाही टप मिटत नाहीत," आणि भाऊ इतका हसला की राग विसरला. तसाच दसऱ्याचा नियम. हळदकुंकवाने रंगावर डाग पडतो, म्हणून कुंकू बॉनेटला नाही, पुढच्या टायरला लावायचं. माझ्या सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. "लक्ष्मीच्या पायाला कुंकू लावता का रे? कपाळाला लावतात!" तर आजोबा म्हणाले, "हिचं कपाळ टायरलाच आहे, आई." सासूबाई शेवटपर्यंत टायरला कुंकू लावताना पुटपुटत, पण टायरलाच लावत.

हिवाळ्यात आम्ही दोघंच टप पाडून खोपोलीचा घाट चढायचो. घाटात मला भीती वाटे. दरीची बाजू नेहमी माझ्याच दाराला आहे असं वाटे, आणि वळण आलं की मी दाराची वरची लाकडी पट्टी घट्ट धरायची. हातात काचेच्या बांगड्या असत. आजोबा न विचारता वेग कमी करत, पण मी धरायचं काही सोडलं नाही. किती वर्षांनी कोण जाणे, एकदा दार पुसताना मला दिसलं की त्या पट्टीवरचं जुनं व्हार्निश मनगटाएवढ्या जागेत बारीक बारीक ओरखड्यांनी पांढरं झालं आहे. ज्या माणसाने एक स्क्रू मूळच्या नमुन्याचा मिळेना म्हणून सहा महिने गाडी उभी ठेवली होती, त्याच्या गाडीवर! मी घाबरून म्हटलं, "अहो, बबनला सांगून घासून घेऊ या का?" त्यांनी पाहिलं, आणि "राहू दे" म्हणाले. मला वाटलं, रागावले असावेत. पुढच्या फेरीला मी हाताला रुमाल गुंडाळून बसले. त्यांनी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवली, "उकडेल" म्हणाले, आणि मी रुमाल सोडेपर्यंत पुढे निघाले नाहीत.

त्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात होता. मुंबईला जुन्या गाड्यांचं संमेलन होतं, बबनने डोकं खाल्लं म्हणून आजोबा आम्हा दोघांना घेऊन गेले. मैदानात सगळ्या गाड्या आरशासारख्या चमकत होत्या, आणि त्यांच्यात आमची, वाळल्या पानाच्या रंगाची. बबन तर मान खाली घालून उभा होता. पण बक्षिसासाठी गाड्या तपासायला आलेले म्हातारे गृहस्थ जाणकार निघाले. इतरांपेक्षा आमच्या गाडीशी ते जास्त वेळ थांबले. मूळचा रंग, मूळचं चामडं, मूळचा टप... आजोबांनी डिकीचं झाकण उचललं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पाहिलं. शेवटी ते डाव्या दाराशी आले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एवढं मात्र मूळचं नाही. हे घासून घ्या, मग या गाडीत बोट ठेवायला जागा नाही."

"ते हिच्या बांगड्यांचं आहे," आजोबा म्हणाले. गाडीच्या एखाद्या भागाचं नाव सांगावं तसं. "ते तसंच राहील."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मान लववली आणि पुढे गेले. बक्षीस मिळालं नाही. परतीच्या वाटेवर बबन डिकीतून ओरडून ओरडून सांगत होता, "लाल असती तर दिलं असतं!" आणि आजोबा इंजिन तापतंय का याखेरीज काही बोलले नाहीत. पनवेलच्या पुढे वळण नसतानाही मी ती पट्टी धरून बसले होते.

यंदा आमच्याकडे दसरा नव्हता, पण मेण होतं. ऊन कडक पडलं तेव्हा मी बबनला बोलावून घेतलं. आम्ही गाडी अंगणात ढकलली, त्याने मेण पातळ केलं आणि आम्ही दोघांनी टप चोळला. हे काम मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. तुमच्या बाबाचा फोन येऊन गेल्याचं मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ चोळत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे... आता तरी लाल मारायची का, बाई?"

"नाही, बबन."

"म्हायती हाय मला. इचारलं आपलं. दरसालचं हाय." आणि तोंड फिरवून त्याने नाक पुसलं.

तो गेल्यावर मी डाव्या बाजूने आत जाऊन बसले. उजवीकडची जागा रिकामी होती. चामड्याला आजोबांच्या पाठीचा खोलगटपणा आहे, तिकडे मी फार पाहिलं नाही. सवयीने हात पट्टीवर ठेवला. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर बायकांनी माझ्या हातातल्या बांगड्या काढल्या, मी काढू दिल्या. त्यामुळे हात टेकला तरी आवाज आला नाही. संध्याकाळ होईपर्यंत तशीच बसून होते. कुणी हाक मारणारं नव्हतं.

तेव्हा बाबाला मी उद्या "नको" असं कळवते आहे. तुम्ही मोठे झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा, गाडी तुमची आहे. पण ठरवण्याआधी एकदा तिच्यात बसा. नाताळात इथे पाऊस नसतो. बबन चालवेल, तुम्ही डिकीत बसा, मी माझ्या जागी बसेन.

गाडी हिरवीच आहे. टप यंदाही फाटला नाही. अर्धा गोळा मेण उरलं आहे, ते मी फडताळात ठेवलं आहे. डाव्या दारावरचे ओरखडे आहेत तसे आहेत.