साडूची फियाट

माझ्या साडूने मला फसवलं. परक्याने नाही, गिऱ्हाइकाने नाही. बायकोच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने.

पालेगावला त्याची पोल्ट्री होती आणि दारात एक जुनी फियाट. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये फुटपाथवर कटपीस विकत मी स्वतःच्या दुकानापर्यंत आलेला माणूस. ती गाडी त्याच्याकडून विकत घेताना इंजिन ऐकलं, टायर ठोकून पाहिले, आणि सौदा मिटल्यावर वर नवी सीट कव्हरंही मागितली.

"घ्या साडूभाऊ, तुमच्यापुढे कोण बोलणार," म्हणत त्याने दुसऱ्याच दिवशी रेक्झिनची कव्हरं चढवून दिली.

लग्नानंतर आम्ही दोघं कुठेच गेलो नव्हतो. बायकोला माळशेज घाटातून भंडारदऱ्याला जायचं होतं. दसऱ्यानंतर बदलापूरहून निघालो. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, मांडीवर दशम्यांचा डबा.

मुरबाडला ऊन चढलं तशी ती म्हणाली, "अहो, तुमच्या चपलेला काही लागलंय का?"

"गुरांचा बाजार असेल. जाईल पुढे."

बाजार मागे पडला, वास गाडीतच राहिला. काचा खाली केल्या तरी हलेना. घाटात उतार सोनकीच्या फुलांनी पिवळे झाले होते आणि माझी बायको नाकाला पदर लावून, डोळे मिटून बसली होती. एका वळणावर तिने गाडी थांबवायला लावली आणि कठड्याशी जाऊन ओकली.

मी तिच्या सीटचं कव्हर फाडलं. आत काथ्यात रुतलेली पिसं, कोंबड्यांची वाळलेली शीट, फुटून सडलेलं अंडं. साडू याच गाडीतून बाजारात कोंबड्या पोचवायचा. जिच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, ती बाई त्यावर बसून आली होती.

ती पुन्हा गाडीत बसली नाही. कल्याणच्या एसटीला हात करून परत फिरली. मागून मी रिकामी गाडी आणली. त्यानंतर कुठे जायचं म्हटलं की तिचं एकच, "तुम्ही जाऊन या."

साडूला जाब विचारला, तर चहा पुढे सरकवत म्हणाला, "कव्हरं तुम्हीच मागितलीत ना?"

निघण्याआधी बायको हौसेने घाटाचा रस्ता विचारायला त्याच्याकडेच गेली होती. कोण कुठे बसणार, सगळं त्याला ठाऊक होतं. तेव्हा तो गप्प का राहिला, हे त्याने बदलापुरात मांजर्लीला आमच्या घरी येऊन सांगावं. मला नाही, तिला.