रोह्याला पाहिलेली थरथरती रेघ

पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी बाबांकडे. बाकीचं रंगकाम कोणीही करावं, डोळे मात्र त्यांनीच. त्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. कारखान्याच्या शेठना कळलं असतं तर त्यांनी बाबांना डोळ्यांच्या कामावरून उठवलं असतं, आणि बाबा त्या धक्क्यानेच खचले असते. म्हणून घरात त्या हाताबद्दल कोणी बोलत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही तिथेच रंगकामाला. बाबा जेवायला उठले की वाकडी गेलेली रेघ मी ओल्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा काढायची. शेठ कधी मागे येऊन उभे राहतील या धास्तीने मी दर रेघेला मागे वळून पाहायची.

अशात रोह्याहून आत्याच्या यजमानांचा निरोप आला. ते शाळेत मास्तर. फ्रान्समधली एक जुनी, हाताने चित्रं काढून केलेली छोटी फिल्म ते रविवारी मुलांना दाखवणार होते. तुमच्या कामातली आहे, या, असं त्यांनी कळवलं होतं. म्हटलं, बरं झालं, बाबांचं मन रमेल.

कसलं रमतंय. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचा एक माणूस आला आणि मी आधी बाबांकडे पाहिलं. त्याची रेघन् रेघ थरथरत होती. टोपी थरथरत होती, नाक थरथरत होतं, आणि पोरं खिदळत होती. बाबांनी उजवा हात पिशवीखाली सरकवला. मला मास्तरांचा असा राग आला की सांगता सोय नाही. अख्ख्या जगात दाखवायला यांना हीच सापडली.

दिवे लागल्यावर मास्तर समजावू लागले: प्रत्येक चित्र वेगळं काढलेलं, एकावर एक तंतोतंत बसत नाही, म्हणून रेघ हलते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाय मास्तर, त्याचा हात कापत असणार," ते म्हणाले. "आमच्यात अशी रेघ पुसून टाकतात. यानं ठेवली, आणि दाखवली पण."

मास्तर वाद घालायच्या बेतात होते. मी घाईघाईने चहाचा विषय काढला.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. मला नको नको ते सुचत होतं. कासू स्टेशन गेलं. मग त्यांनी हात मांडीवर उघडा ठेवला, थरथरत होता तसाच.

"माझ्या मागं रेघ तू बदलतेस," ते म्हणाले.

मी उगीच पिशवीत तिकिटं शोधायला लागले.

"माझी रेघ मला वळखता येत नाय व्हय गो? पयल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. मग माझं काय झालं असतं?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "उद्यापासून माझ्या शेजारी बसून काढ. शेठला मीच सांगतो."

मला रडू आवरेना. इतके दिवस घाबरलेली मी एकटीच आहे, असं धरून चालले होते.