रेलिंगला रंग नको

वाशिंदच्या एका कारखान्यात मी वेल्डर आहे. मुरबाडकडच्या आमच्या गावात विहाराच्या पायऱ्यांना स्टीलचं रेलिंग मीच बसवलं. पावसाळा सरला तेव्हा सांध्यांवर तांबूस डाग आले होते.

"स्टील गंजत नाय ना गो? आता रंगच मार," मावशी म्हणाली.

"रंग नको. स्टीलवर न दिसणारा पातळ थर असतो, तोच त्याला राखतो. वेल्डिंगच्या आचेनं सांध्यांवरचा बिघडलाय. साफ केलं की हवा लागून तो परत धरतो."

रविवारी हातमोजे घालून मी सांध्यांना आम्लाची पेस्ट लावली. मावशीनं ती धुऊन काढायला पाणी आणून दिलं. बोटं आखडली, तरी एकही सांधा सोडला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर रेलिंग स्वच्छ होतं. मावशी म्हणाली, "शाळेचंपण तूच कर गो."