खानावळीतला लेकीच्या हातचा रस्सा

जावयाची नोकरी कोलंबोला, म्हणून मुलगीही तिथेच. नातवंड होईपर्यंत बापाने लेकीच्या घरी जेवायचे नाही, ही आमची धुळ्याकडची रीत. त्यामुळे मी भेटायला गेलो तेव्हा रोज समुद्रकाठच्या खानावळीत मासे खाल्ले. तिला आपल्या हातचे मला एकदाही वाढता येईना, म्हणून मुलगी हिरमुसून बसे.

निघायच्या दिवशी ती खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि माशाचा रस्सा घेऊन बाहेर आली. वास आमच्या काळ्या मसाल्याचा होता.

"हा तू रांधलास," मी म्हणालो.

"चूल हाटेलनी शे, मासा हाटेलना शे. जेवा, आबा."

मी विचार केला. रीत घरापुरती होती. रस्सा दोनदा मागून घेतला. जावयाला मात्र पैसे देऊ दिले नाहीत.