वर्गणी माफ

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. हजर: बँकेतले भैया, रेल्वेतले भैया, कॉलेजातली मॅडम आणि मी.

दर रविवारी आम्ही चौघं माझ्या दीक्षितपुऱ्यातल्या घरी फासे टाकत, आपापलं पात्र रंगवत कथेचा खेळ खेळायचो. नियमांची पुस्तकं, नकाशे वर्गणीतून यायचे. जागा आणि नाश्ता माझा, म्हणून मला वर्गणी माफ. हे त्यांनीच ठरवलं होतं.

त्या दिवशी कळलं, पुढचा खेळ रेल्वेवाल्यांच्या नव्या फ्लॅटवर, माझ्याशिवाय. बँकवाल्यांनी सामानाची पेटी उचलली.

"यात माझंही काही आहे ना?" मी विचारलं.

"दीदी, तुम्ही तर कधी पैसेच दिले नाहीत. काहून रागावून राहिल्या?" बँकवाले म्हणाले.

पोहे मात्र संपवूनच गेले. इतकी वर्षं वाढवलेल्या माझ्या पात्राचा कागद पेटीतच गेला. तो मागायचा राहिला आहे.