आईला मयत दाखवणार नाही

आईच्या हृदयाची एक झडप आकसली आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. लहानपणी आलेल्या तापाने ती तशी होते म्हणाले. आईला लहानपणी कोणता ताप आला होता, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. "महिन्याभरात झडप बदलावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "त्यापुढे थांबू नका. योजनेचं कार्ड आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

नव्हतं. पण दोन दिवसांत काढून टाकू, असं मला वाटलं. आमच्या मोहल्ल्यात पुरुष तलावात जाळं टाकतात आणि बाया टोपलीत मासोळ्या घेऊन बाजारात बसतात. तिथून कॉलेजात जाऊन बी.ए. झालेली मी पहिली. कोणाचा फॉर्म अडला की लोक माझ्याकडे येतात. ज्या मोफत इलाजाच्या कार्डाला आमच्याकडे सगळे 'पाच लाखाचं कार्ड' म्हणतात, ते मी कितीतरी जणांना काढून दिलं होतं. आपल्या घरचं राहून गेलं होतं, एवढंच. त्याचा राग मला अजूनही स्वतःवरच येतो.

तेव्हा धान कापणीचे दिवस होते. मी आईला ऑटोत बसवून तालुक्याच्या सेवा केंद्रात गेले, कारण मोबाईलवर तिचं नाव काही केल्या जुळत नव्हतं. केंद्र चालवणारा कॉलेजात माझ्याच वर्गात होता. त्याने आधार नंबर टाकला, राशन कार्डाचा नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय वो मॅडम, तुह्या बाबाले दोन बायका आहेत का?"

रांग हसली.

"एकच आहे," मी म्हटलं. "ती बाहेर ऑटोत बसून आहे. दोन पायऱ्या चढली की दम लागते, म्हणून आत नाही आली. पाहायची असंल तं चल, दाखवतो."

तो वरमला. आवाज खाली आणून म्हणाला, "तसं नाही नं. राशन कार्डावर एक बाई आहे, आधारवर दुसरी. नवऱ्याचं नाव एक, आडनाव एक, पहिलं नावच वेगळं. सिस्टम म्हणते ह्या दोघी आहेत. मी का करू?"

आईचं लग्न होऊन ती सासरी आली, तेव्हा घरात तिच्याच नावाची मोठी जाऊ होती. एका घरात एका नावाच्या दोघी कशा राहणार, म्हणून आजीने दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नवं नाव ठेवलं. तिला कोणी विचारलं नाही. आमच्याकडे तसं विचारत नाहीत. ते नवं नाव राशन कार्डावर गेलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं जुनं गाव गेलं आणि पुनर्वसनात प्लॉट मिळाला, तेव्हा बाबांच्या नावाशेजारी त्या कागदावरही तेच गेलं. मग आधारचा कॅम्प लागला. त्या आठवड्यात आई माहेरी होती, अड्याळकडे. मामाने तिची चौथीची टीसी जपून ठेवली होती. ती घेऊन आई रांगेत उभी राहिली. नवऱ्याचं नाव, आडनाव सासरचं सांगितलं, पहिलं नाव मात्र टीसीवरचं.

"नवं नाव काहून नाही सांगितलं?" मी ऑटोत तिला विचारलं. आवाज चढलाच होता माझा.

"त्यानं विचारलं, तुमचं नाव काय," आई म्हणाली. "मी माह्यं नाव सांगितलं."

ही दोन नावं मी इथे लिहीत नाही. एक तिचं आहे, दुसरं तिला दिलेलं आहे, इतकं वाचणाऱ्याला पुरे.

राशन कार्डाचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेत होतं. तिथल्या बाबूने कागद उलटेपालटे केले आणि आम्हाला बाजूला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याने आईला स्वतःची खुर्ची दिली. मग म्हणाला, "नाव दुरुस्तीला वेळ लागते मॅडम. चौकशी लागते, अहवाल लागते, साहेबांची सही लागते. तुमचा पेशंट सिरीयस आहे. सोपं सांगू का? राशन कार्डावर आहे त्या नावापुढे 'मयत' लिहून अर्ज द्या. ते नाव कमी करतो. आधारवालं नाव नवीन सदस्य म्हणून जोडतो. चार दिवसांत होऊन जाते."

"मयत?"

"कागदावर हो."

"आणि मृत्यूचा दाखला?"

"ते पाहू ना आपण."

"तुमच्या खुर्चीवर बसली आहे ती कोण आहे मग?"

"ताई, चिडू नका. सगळेच करतात."

ते 'सगळेच करतात' मला लागलं. आम्हाला साऱ्या ठिकाणी हेच सांगितलं जातं. सगळेच वाकतात, तुम्हीही वाका. मी म्हटलं, "मी नाही करत. दुरुस्तीचा अर्ज घ्या आणि मला पोच द्या." त्याने शिक्का मारून पोच दिली.

रात्री जेवताना बाबा बोलले. बाबा कमी बोलतात. तलावावर बोललं तर मासा पळतो, त्यातूनच लागलेली सवय. "दाखवून दे ना बेटा," ते म्हणाले. "कागदावरच तं मारायची आहे. तुह्या जिद्दीपायी खरीच गेली तं?"

बाबांचं चूक नव्हतं. आई तेव्हा आडवी होऊन झोपू शकत नव्हती. भिंतीला तीन उशा लावून बसल्या बसल्या डोळे मिटायची. मी मनात हिशेब करत होते की चार दिवस कुठे आणि दुरुस्तीचे न जाणो किती दिवस कुठे. शिकलेल्या माणसाचा ताठा आईच्या जिवावर चालला आहे का, हे मी स्वतःला विचारलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी अर्ज बदलायला तयार झाले होते.

आईनेच थांबवलं. "तिले काहून मारता जी?" ती बाबांना म्हणाली. "प्लॉटावर बी तिचंच नाव आहे नं? आज राशन कार्डावर मेली, तं उद्या प्लॉटावर बी मेली. मंग तुमचे भाऊ येऊन म्हनतील, ही कोन बाई आहे घरात?" थोडा दम घेऊन ती पुढे बोलली. "बावीस वर्सं त्या नावानं राबलो मी. ते बी मीच आहो, हे बी मीच. कोनालेच नाही माराचं."

चौथी शिकलेल्या बाईला जे दिसलं, ते मला बी.ए. होऊन दिसलं नव्हतं. मी तहसीलमध्ये नुसती चिडून नाही म्हटलं होतं. तिच्याजवळ कारण होतं.

चौकशी सात दिवसांनी आली. त्या दिवशी आम्ही आईला घेऊन नागपूरला तपासणीला गेलो होतो आणि घराला कुलूप होतं. तलाठ्याच्या हाताखालचा नवीन कोतवाल, दुसऱ्या गावचा, कागद घेऊन समोरच्या काकूकडे गेला. काकू अंगणात धान वाळवत होती. या नावाची बाई इथं राहते का? नाही बा. मग त्या नावाची? तेबी नाही. तो शेजारी गेला, त्याच्या शेजारी गेला. सगळीकडून नाही. अहवाल लागला: 'सदर दोन्ही नावांची महिला दिलेल्या पत्त्यावर वास्तव्यास आढळून आली नाही.'

तहसीलमध्ये तो कागद वाचून मी घरी आले ती सरळ काकूच्या अंगणात. "काकू, तुम्ही माह्या आईले ओळखत नाही?"

"अवो माय! ओळखत काहून नाही?"

"मंग कोतवालाले नाही काहून म्हटलं?"

"त्यानं अड्याळवाली कुठं विचारली? कोन्या दुसऱ्याच बाईचं नाव घेऊन राहिला होता. दोन दोन नावं घेतली त्यानं. मले वाटलं, कर्ज-बिर्ज बुडवून पळाली असंल कोनी, म्हनून शोधते. मी कायले कोनाले अडकवू!"

आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारतात. आई अड्याळवाली. समोरची काकू पवनीवाली. बावीस वर्षांत गल्लीत कोणी आईला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. आजीने एवढं बदललेलं नावही कागदांपुरतंच राहिलं होतं. दारात बसून आई हे ऐकत होती. तिला इतकं हसू आलं की खोकला लागला. पाणी पिऊन काकूला म्हणाली, "पवनीवाले, तुह्यं नाव तरी मले कुठं मालूम आहे?"

मग माझ्या लक्षात आलं की मलाही माहीत नाही. ज्या बायांनी मला कडेवर खेळवलं, कॉलेजच्या पहिल्या दिवशी ज्यांनी माझ्या हातात पैसे कोंबले, त्यातल्या एकीचंही नाव मला येत नव्हतं. मी पदवीधर.

त्याच संध्याकाळी मी एक जबाब लिहिला. 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या लिहून देतो की' असा. साक्षीदारांची नावं लिहायची होती, म्हणून एकेकीला विचारलं. एक लाजली. एकीला नाव सांगताना इतकं हसू आलं की दुसरीने तिच्या पाठीत धपाटा घातला. एका म्हातारीने हळूच नाव सांगितलं. इतकं सुंदर नाव होतं ते, की बाकीच्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "इतकं चांगलं नाव लपवून ठेवलं वो बुढे!" काकू ओरडली.

दुसऱ्या दिवशी आईला मधे बसवून, काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून आम्ही सात जणी तहसीलला गेलो. कापणीचा दिवस होता. साऱ्या जणींनी मजुरी पाडली होती. मी ती द्यायला निघाले, तर काकू म्हणाली, "तोंड फोडीन तुह्यं."

बाबू आम्हाला पाहून उभाच राहिला. "एवढ्या बाया कशाला?"

"अहवालात ज्यांनी नाही म्हटलं, त्याच आहेत ह्या. आता साहेबांसमोर विचारा."

साहेब आतून बाहेर आले. आई बाकावर बसली होती. त्यांनी बोट दाखवून विचारलं, "ही कोण?"

सहाच्या सहा जणी एकदम म्हणाल्या, "अड्याळवाली!"

बाबू मान हलवत म्हणाला, "असं नाव रेकॉर्डला चालत नाही, साहेब."

मला माहीत होतं तो हे म्हणणार. रात्रभर मी त्याचंच उत्तर जुळवलं होतं. "साहेब, चोर पकडला की पोलीस त्याची तीन तीन नावं 'उर्फ' लावून लिहितात. सातबाऱ्यावरही उर्फ चालते. माझ्या आईने चोरी केली नाही, म्हणून तिला उर्फ मिळणार नाही का? इथं मला तिला मयत दाखवायला सांगितलं होतं. मी दाखवणार नाही. ती जिवंत आहे, तुमच्या समोर बसली आहे. तिच्याजवळ आता पंधरा दिवस आहेत. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर तसं लिहून सही करून द्या. मी तो घेऊन वरच्या साहेबांकडे जाते."

मी फाईल उघडून त्यांच्यासमोर धरली.

साहेबांनी 'मयत' या शब्दावर बाबूकडे पाहिलं. बाबूने खिडकीकडे पाहिलं. साहेब खुर्ची ओढून बसले. टीसी पाहिली, आधार आणि प्लॉटचा कागद, दोन्हींवरचे फोटो पाहून आईकडे पाहिलं. मग काकूला विचारलं, "किती वर्षांपासून ओळखता?"

"तिच्या लग्नाचे लाडू खाल्ले मी," काकू म्हणाली. "आनखी का पुरावा पाह्यजे?"

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी लिहायला घेतलं. जबाबावर चौघींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. तिसऱ्या दिवशी राशन कार्डावर आईचं आधारचं नाव लागलं, पुढे 'उर्फ' आणि दुसरं नाव. चौथ्या दिवशी तोच वर्गमित्र केंद्र उघडण्याआधी शटर अर्धं वर करून बसला. कार्ड मंजूर झाल्याचं स्क्रीनवर येईपर्यंत त्याने दुसऱ्या कोणाचं काम घेतलं नाही. कार्डाचे पैसे घे म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे. त्या दिवशी बोललो ते चुकलंच."

नागपूरला भरती करायला गेलो, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने कागद न पाहताच हात केला. "फुकटवाले त्या बाजूला."

आईने माझी ओढणी ओढली. पण मी खिडकीपासून हलले नाही. "फुकटवाले नाही, दादा," मी म्हटलं. "योजनेचे पेशंट आहो आम्ही. माझा बाप रोज पहाटे पाण्यात उतरतो. माचिस घेतली तरी त्यातून सरकारला टॅक्स जाते. ते आमचंच आहे. आता नीट सांगा, कुठं जायचं."

मागे रांगेत कोणीतरी "बराबर आहे" म्हणालं. खिडकीवरच्या माणसाने कार्ड घेतलं, नंबर टाकला आणि म्हणाला, "योजनेचे पेशंट, दुसरा माळा. लिफ्ट उजवीकडे आहे. व्हीलचेअर देऊ का आईला?"

"द्या," आई म्हणाली.

बाबांनी पिशवी खांद्यावर घेतली आणि खुर्ची ढकलायला लागले. शुक्रवारचं ऑपरेशन ठरलं.